अठरा वर्षांनंतरची सही कोणाची?

मूल अठरा वर्षांचे होते त्या दिवशी त्याच्या स्वभावात, समजुतीत किंवा गरजांमध्ये काहीही बदल झालेला नसतो, तरी कायद्याच्या लेखी ते आदल्या दिवसापेक्षा वेगळे माणूस झालेले असते. कालपर्यंत त्याच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर आणि बँकेच्या अर्जावर आई-वडिलांची सही पुरत होती, ती आज पुरत नाही. बहुतेक घरांत हा बदल फारसा जाणवत नाही, कारण मुलांनी आपले निर्णय आधीच हळूहळू हातात घेतलेले असतात. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाच्या घरी मात्र ही गोष्ट एखाद्या कार्यालयाच्या खिडकीवर अचानक कळते. मुलगी आता सज्ञान झाली आहे, तेव्हा तिची स्वतःची सही हवी, नाहीतर पालकत्वाचे प्रमाणपत्र आणा, असे तिथे सांगितले जाते आणि अठरा वर्षे रात्रंदिवस जिचे सगळे केले तिच्या बाबतीत आपण आता परके ठरलो, या भावनेने आई-वडील घरी परततात.

त्यानंतर ते पालकत्वासाठी, म्हणजे सज्ञान मुलाच्या वतीने निर्णय घेण्याच्या कायदेशीर अधिकारासाठी, अर्ज करतात. हा अर्ज जवळजवळ नेहमीच प्रेमापोटी केलेला असतो, हे मला मान्य आहे. तरीही तो पहिला उपाय म्हणून केला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल सज्ञान झाले की त्याच्या वतीने ठरवण्याचा आई-वडिलांचा अधिकार संपतो आणि तो संपायलाच हवा. काम मात्र संपत नाही, उलट ते अधिक अवघड होते. मुलाला काय हवे आहे ते त्याच्या पद्धतीने समजून घेणे, निर्णयासाठी लागणारी माहिती त्याला पेलेल अशा रूपात समोर ठेवणे, आणि त्याने ठरवलेले बाहेरच्या जगाला मान्य करायला लावणे, असे या कामाचे स्वरूप आहे. कायदेशीर पालकत्व हे सगळे करून पाहिल्यावरही जिथे अडते, तिथेच आणि तेवढ्यापुरतेच असावे.

मुळात दिव्यांग म्हटल्या जाणाऱ्या असंख्य माणसांच्या बाबतीत निर्णयक्षमतेचा प्रश्नच उद्भवत नाही. अंध, कर्णबधिर किंवा चाकाच्या खुर्चीचा वापर करणाऱ्या तरुणाला आपले बरे-वाईट इतर कोणाही इतकेच कळते. तरीही डॉक्टर त्याच्याकडे न पाहता त्याच्या आईला विचारतात आणि आईही सवयीने उत्तर देते. कर्णबधिर मुलीच्या तपासणीच्या वेळी सांकेतिक भाषेचा दुभाषा न बोलावता वडिलांनाच दुभाषा केले जाते, आणि तिला जे वडिलांसमोर विचारायचे नसते ते मग विचारायचे राहूनच जाते. इथे कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. आई-वडिलांनी खोलीबाहेर थांबावे, एवढेच पुरे.

प्रश्न खरा बिकट होतो तो बौद्धिक दिव्यांगतेच्या बाबतीत. पूर्ण पालकत्व घेतल्याने मुलाचे संरक्षण होते, ही समजूत इतकी पक्की आहे की त्यात मुलाचे काय जाते हे सहसा कोणी विचारत नाही. जपानमध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या एका स्त्रीच्या वडिलांनी २००७ साली तिचे पालकत्व घेतले. तिच्या मालमत्तेचे व्यवहार नीट व्हावेत, कोणी तिला फसवू नये, हाच त्यांचा हेतू होता. पण त्या वेळच्या जपानी निवडणूक कायद्यानुसार पालकाच्या ताब्यात गेलेल्या सज्ञान व्यक्तीचा मतदानाचा हक्क आपोआप जात असे. वर्षानुवर्षे मतदान करत आलेल्या या स्त्रीचे नाव मतदार यादीतून गेले आणि ते गेले तिच्याच वडिलांनी तिच्याच भल्यासाठी केलेल्या अर्जामुळे. तिने न्यायालयात दाद मागितली. १४ मार्च २०१३ रोजी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने कायदा बदलला. पालकत्वाखाली असलेल्या सुमारे १ लाख ३६ हजार माणसांना मताचा हक्क परत मिळाला. तेव्हा ती पन्नाशीची होती. या प्रकरणातले वडील वाईट नव्हते, बेफिकीरही नव्हते. पैशांच्या व्यवहारापुरती मदत मागायला ते गेले होते. पण व्यवस्थेकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माणसाचे सगळे नागरिकपण एका सहीने दुसऱ्याच्या हवाली करणारा आदेश. पूर्ण पालकत्वाचा दोष मला इथेच दिसतो. एका विशिष्ट अडचणीवरचे उत्तर म्हणून ते मागितले जाते आणि आयुष्याच्या ज्या बाजूंना कसलीच अडचण नव्हती त्याही ते झाकून टाकते.

स्पेनच्या कायद्यात तर याहून थेट सोय होती. मूल दिव्यांग असेल आणि न्यायालयाने त्याला अक्षम ठरवले असेल, तर सज्ञान झाल्यानंतरही आई-वडिलांची लहान मुलावरची सत्ता जशीच्या तशी पुढे चालू राहत असे. चाळीस वर्षांचा माणूसही कायद्याच्या दृष्टीने आई-वडिलांच्या अधिकाराखालचे मूलच असे. २०२१ सालच्या ८ क्रमांकाच्या कायद्याने ही सोय मोडीत काढली आणि तिच्या जागी गरजेपुरत्या आधाराची व्यवस्था आणली. पेरू २०१८ साली आणि कोलंबिया २०१९ साली याच दिशेने गेले होते. आयर्लंडने शतकाहून जुनी पालकत्वाची पद्धत बंद करणारा कायदा २०१५ साली केला आणि २०२३ साली तो अमलात आणला.

या सगळ्यामागे संयुक्त राष्ट्रसंघाचा १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे. दिव्यांग व्यक्तींना जीवनाच्या सर्व क्षेत्रांत इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे आणि ती वापरण्यासाठी लागणारा आधार राज्यसंस्थेने उपलब्ध करून द्यावा, असे त्याचे बारावे कलम सांगते. आधी क्षमता सिद्ध करा, मग हक्क देऊ, हा जुना क्रम या कलमाने उलटा केला. भारताने हा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला आणि त्याला अनुसरून २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा केला. या कायद्याच्या चौदाव्या कलमाची रचना पालकत्वाचा विचार करणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांनी शांतपणे समजून घ्यावी अशी आहे. पुरेसा आणि योग्य आधार देऊनही जी व्यक्ती कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक निर्णय घेऊ शकत नाही, तिलाच मर्यादित पालक देता येतो. ते पालकत्व ठरावीक काळापुरते, ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक परिस्थितीपुरते असते, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, परस्परविश्वासावर आधारलेल्या संयुक्त निर्णयाच्या रूपात ते चालावे लागते. इतर कायद्यांखाली नेमलेले पालकही यापुढे मर्यादित पालक म्हणूनच काम करतील, असेही हे कलम सांगते. त्यामुळे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केलेल्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीने दिलेले पालकत्वही या मर्यादेच्या बाहेर राहत नाही. खुद्द त्या जुन्या कायद्यातही व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि असल्यास कशासाठी, हे समितीने आधी तपासावे असे लिहिलेले आहेच.

कागदावर म्हणजे पुरेशी चांगली तरतूद आहे. खिडकीवर मात्र अजून जुनाच प्रश्न विचारला जातो. मुलाला व्यवहार समजावून सांगा, चित्रांच्या साहाय्याने सांगा, त्याच्या विश्वासातल्या माणसाला शेजारी बसवा आणि मग त्याचा अंगठा किंवा सही घ्या, असे करायला बँकेचा कर्मचारी बहुधा तयार नसतो, कारण उद्या काही वाद झाला तर त्याला स्वतःला कागदाचे संरक्षण हवे असते. ही अडचण एकाच देशाची नाही. कॅनडाने २००८ साली दिव्यांग व्यक्तींसाठी एक दीर्घकालीन बचत योजना सुरू केली. सज्ञान व्यक्तीने खाते स्वतः उघडावे, असा तिचा नियम होता. करार करण्याची क्षमता आहे का, अशी शंका आली की वित्तसंस्था खाते उघडण्यास नकार देत, आणि केवळ त्या खात्यासाठी आई-वडिलांना आपल्या मुलाला अक्षम ठरवून घेण्याच्या वाटेला जावे लागे. शेवटी २०१२ साली सरकारने आई-वडिलांना किंवा जोडीदाराला न्यायालयात न जाता खाते उघडण्याची तात्पुरती मुभा दिली. मुलाच्या भविष्यासाठी केलेली योजनाच त्याचे हक्क काढून घेण्याचे निमित्त होत होती. म्हणून पालकत्वाच्या अर्जांचा सगळा दोष आई-वडिलांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. अनेकांना सत्ता नकोच असते. त्यांना फक्त निवृत्तिवेतन, विमा किंवा औषधोपचार अडू नयेत एवढे हवे असते.

तरीही एक प्रश्न आई-वडिलांनी स्वतःला विचारलाच पाहिजे. पालकत्व घेतले नाही तर मुलाला कोणीही लुबाडेल, ही भीती खरी आहे. पण पालकत्व घेतल्याने ती भीती जाते का? फसवणूक करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, आणि सगळे अधिकार एकाच माणसाच्या हाती देणारी व्यवस्था त्या एका माणसाच्या चांगुलपणावर उभी असते. राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकाला मालमत्तेची यादी आणि दरवर्षीचा हिशेब सादर करायला लावले, ते याच कारणासाठी. आई-वडिलांच्या हातात हे अधिकार सुरक्षित असतीलही, पण आई-वडील कायमचे नसतात आणि आदेश मात्र पुढच्या माणसाकडे जातो. शिवाय ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याला नाही म्हणण्याची सवयही लागत नाही. आणि नाही म्हणता न येणारा माणूस कोणाच्याही तावडीत सापडू शकतो, हा धोका मला पैशांच्या फसवणुकीपेक्षा मोठा वाटतो. पैशांचे, घराचे, शरीराचे कोणतेही संरक्षण या एका शब्दाशिवाय अपुरे आहे.

त्याला काही कळत नाही, हे वाक्य आई-वडिलांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. कळणे ही एकसंध गोष्ट असल्याचे त्यात गृहीत धरलेले असते. एखाद्या मुलीला गुंतवणुकीचा करार कळणार नाही, पण आपल्याला कोणासोबत राहायचे आहे, कोणाच्या स्पर्शाची भीती वाटते, कोणते काम करताना बरे वाटते हे तिला पक्के कळत असते. इंग्लंडच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने हा भेद नेमका पकडला आहे. तिथे क्षमता प्रत्येक निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती पाहिली जाते. शक्य ती सगळी मदत देऊन झाल्याखेरीज कोणाला अक्षम म्हणता येत नाही. आणि एखादा निर्णय इतरांना शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून तो घेणारा अक्षम ठरत नाही. शेवटचा मुद्दा आई-वडिलांना सर्वांत जड जातो. दिव्यांग नसलेली मुले नको त्या वस्तूंवर पैसे उधळतात, चुकीच्या माणसांवर विश्वास टाकतात आणि त्यातून शिकतात. दिव्यांग मुलाची चूक मात्र त्याच्या अक्षमतेचा पुरावा म्हणून नोंदली जाते. थोडी रक्कम चुकीच्या ठिकाणी गेली तर ती जाऊ द्यावी, कारण ती गेल्याचे दुःख त्या मुलाचे स्वतःचे असते आणि पुढच्या वेळी ते त्याच्या उपयोगी पडते. ज्या निर्णयाने कायमची हानी होईल तिथे आई-वडिलांनी अवश्य मध्ये पडावे, पण दोहोंतले अंतर ओळखण्याइतका धीर धरावा.

ही तयारी अठराव्या वर्षी सुरू करून भागत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दोन सदऱ्यांपैकी एक निवडायला सांगणे, डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी त्याला देऊ देणे आणि त्याला लागेल तितका वेळ गप्प बसणे, त्याच्याविषयीची चर्चा त्याच्यासमोर तो तिथे नसल्यासारखी न करणे, आंघोळ घालताना आणि कपडे बदलताना दार लावून घेणे, या गोष्टी किरकोळ दिसतात, पण यांतूनच मुलाला आपले मत असते आणि ते मोजले जाते हे समजते. अठरा वर्षे एकही निवड करू न दिलेल्या मुलाला पुढे अक्षम ठरवताना आपण त्याच्या दिव्यांगतेबरोबर आपल्या सवयीचेही मोजमाप करत असतो.

आता सर्वांत कठीण भाग. जे मूल बोलत नाही, खुणा करत नाही, ज्याच्या बौद्धिक दिव्यांगतेचे प्रमाण अतितीव्र आहे, त्याच्या बाबतीत हे सगळे बोलणे पोकळ आहे, असा आक्षेप आई-वडील घेतात आणि तो झटकून टाकण्याचा हक्क कोणालाही नाही. अशा मुलाच्या वतीने कोणीतरी ठरवावेच लागते. पण ठरवताना कशाला प्रमाण मानायचे, हा प्रश्न तिथेही उरतोच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या दिव्यांग हक्क समितीने २०१४ साली बाराव्या कलमावर केलेल्या भाष्यात म्हटले आहे, की व्यक्तीची इच्छा कसोशीने प्रयत्न करूनही कळत नसेल, तर तिच्या इच्छेचा आणि आवडीनिवडींचा शक्य तितका उत्तम अर्थ लावावा. तिच्या हिताविषयीच्या इतरांच्या कल्पनेला त्या जागी बसवू नये. माझ्या मते आई-वडिलांचे खरे आणि दुसऱ्या कोणालाही न साधणारे योगदान इथे आहे. कोणत्या आवाजाने मुलाचे अंग ताठ होते, कोण जवळ आले की श्वास संथ होतो, कोणत्या जागी त्याला झोप लागते, ही माहिती वर्षानुवर्षांच्या सहवासातून त्यांच्याकडे जमलेली असते. ती त्यांनी लिहून, चित्रफितींत साठवून, चार माणसांना शिकवून ठेवली पाहिजे. त्याच वेळी आपल्याला हवे ते मुलाला हवे आहे असे वाटण्याचा धोकाही त्यांनाच सर्वाधिक असतो, म्हणून अशा अर्थाला दुसऱ्या कोणाचा तरी दुजोरा असावा. शिक्षक, मदतनीस आणि भावंड यांनी तेच पाहिले असेल तर त्या अर्थावर अधिक भरवसा ठेवता येतो.

शरीराच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट हवी. २००९ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर चंदीगडच्या एका शासकीय संस्थेतील निराधार तरुणीचे प्रकरण आले. तिच्यावर अत्याचार झाला होता, ती गरोदर होती आणि तिला मूल हवे होते. प्रशासनाला तिच्या बौद्धिक दिव्यांगतेमुळे गर्भपात योग्य वाटत होता आणि उच्च न्यायालयाने तशी परवानगीही दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही असे ठरवले. तिथे आई-वडील नव्हते, राज्यसंस्थाच त्यांच्या जागी उभी होती, आणि तिच्या भल्याची कळकळ खरी असली तरी ती तिच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय मी घेतो. २०१६ च्या कायद्यानेही मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया निषिद्ध ठरवली आहे. मासिक पाळीचा त्रास नको म्हणून सज्ञान मुलीचे गर्भाशय काढून टाकण्याचा विचार करणाऱ्या आई-वडिलांच्या थकव्याची मला जाणीव आहे. त्या थकव्यावर मदतनीस, विश्रांतीची सोय आणि शिकवण हे उपाय आहेत आणि ते मागण्याचा त्यांना हक्क आहे. मुलीचे शरीर हा त्यांच्या हातातला उपाय नाही.

आई-वडिलांचे हित आणि मुलाचे हित काही वेळा वेगळे असते, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. मुलाच्या नावाने येणाऱ्या पैशांवर घर चालते, राहते घर विकायचे असते, दुसऱ्या मुलाचा वाटा ठरवायचा असतो. भारतीय कायदा इथे मला विशेष समंजस वाटतो. मदत करणारा रक्ताच्या नात्याचा आहे एवढ्यावरून हितसंबंधांचा संघर्ष गृहीत धरू नये, असे तो म्हणतो. आणि आर्थिक व्यवहारात तसा संघर्ष प्रत्यक्ष उद्भवला, तर त्या व्यवहारापुरते मदत करणाऱ्याने बाजूला व्हावे, असेही सांगतो. संशय न घेता सावध राहण्याची ही रीत घराघरांत पाळता येण्यासारखी आहे.

आणि मग आमच्यानंतर काय, हा प्रश्न येतो. अठराव्या वर्षी पालकत्वाचा कागद मिळवून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण आई-वडिलांबरोबर तो कागदही जुना होतो. उत्तर मिळते ते मुलाच्या भोवती माणसे असण्यात. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९८९ साली काही कुटुंबांनी मिळून प्लॅन ही संस्था स्थापन केली, तिच्या मुळाशी हीच चिंता होती. त्यांनी प्रत्येक दिव्यांग व्यक्तीभोवती पगाराशिवाय, मैत्रीने जोडलेल्या माणसांचे वर्तुळ उभे करण्यावर भर दिला. अशी माणसे जोडायला वर्षे लागतात आणि जे आई-वडील सगळे एकट्याने करतात त्यांच्या मुलाभोवती ती जमत नाहीत. मुलगा फक्त माझ्याच हातून जेवतो, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, तेव्हा मला त्या मुलाची काळजी वाटते. भावंडांनाही गृहीत धरू नये; त्यांना वेळेवर विचारावे, नाही म्हणण्याची मोकळीक द्यावी, आणि हो म्हटले तर कशाला हो म्हटले ते ठरवून घ्यावे.

राज्यसंस्थेने यात दोन गोष्टी तातडीने कराव्यात. मुलाने आपल्या पसंतीच्या माणसांशी केलेला साहाय्याचा लेखी करार बँका, रुग्णालये आणि निवृत्तिवेतन कार्यालये यांनी स्वीकारावा, अशी स्पष्ट आज्ञा काढावी आणि तो स्वीकारून सद्भावनेने वागलेल्या कर्मचाऱ्याला संरक्षण द्यावे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने असे करार २०१५ साली कायद्यात आणले, तेव्हा ही कल्पना अव्यवहार्य आहे असे म्हणायला आता जागा नाही. दुसरे असे, की पालकत्वाचा अर्ज आला की समितीने किंवा न्यायालयाने त्या तरुणाला प्रत्यक्ष भेटावे, आतापर्यंत कोणता आधार देऊन पाहिला हे अर्जदारांना विचारावे, आणि आदेशात निर्णयाचा विषय, मुदत आणि पुनर्विचाराची तारीख लिहावी. या तीन गोष्टी ज्या आदेशात नाहीत तो मर्यादित पालकत्वाचा आदेशच नव्हे, आणि तसा आदेश हाती पडला तर तो बदलून मागण्याचे काम आई-वडिलांनीच, मुलाला सोबत घेऊन, करायला हवे.